नातीचं अपराधशास्त्र

आमच्या आटपाडी तालुक्यात स्वतंत्रपूर म्हणून एक वसाहत आहे. नाव ऐकून परक्याला वाटावं, स्वातंत्र्यानंतर वसलेलं एखादं गाव असेल. ते आहे कारागृह, आणि तेही स्वातंत्र्याच्या आधीचं. १९३९ साली, आटपाडी औंध संस्थानात होतं तेव्हा, राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींनी ते सुरू केलं. त्यामागं डोकं मॉरिस फ्रीडमन नावाच्या एका पोलिश इंजिनिअरचं. हा माणूस गांधीजींच्या विचारानं इकडचाच होऊन गेला होता. खुनासारख्या गुन्ह्यात लांबची शिक्षा झालेली माणसं इथं आणायची, त्यांना कसायला जमीन द्यायची, बायकापोरांसंगं राहू द्यायचं आणि भोवती भिंत बांधायची नाही, असा तो प्रयोग. आमच्याच तालुक्यातल्या माडगुळ्याचे गदिमा. त्यांनी त्यावर कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. सिनेमा बर्लिनपर्यंत जाऊन बक्षीस घेऊन आला. वसाहत मात्र होती तिथंच राहिली.

माझा जन्म १९६० चा. हायस्कुलात माझ्या वर्गात वसाहतीतला एक पोरगा होता. मास्तर हजेरीत त्याचं नाव आमच्यासारखंच घ्यायचे. डब्यात त्याचीही बाजरीची भाकरी आणि ठेचाच असायचा. त्याचा बाप बाजारात माळवं घेऊन बसायचा. एकदा माझ्या वडलांनी त्याच्याकडून मेथीच्या दोन पेंढ्या घेतल्या. घरी आल्यावर आई म्हणाली, "आवं, त्या हातानं खून झालाय न्हवं?" वडील म्हणाले, "झालाय की. आता मेथी करतोय." एवढंच बोलून ते बैलांना वैरण टाकायला गेले.

वडील शाळेत गेलेले नव्हते. पण गुन्हा झाल्यावर माणसाचं पुढं काय करायचं, ह्या प्रश्नाचं एक उत्तर त्यांच्यापाशी होतं. त्यामुळं माझ्या नातीनं क्रिमिनॉलॉजी शिकायचं ठरवलं तेव्हा दुसऱ्यांना बसला तसा धक्का मला बसला नाही.

ही माझ्या थोरल्या लेकीची लेक. लेक निपाणीजवळच्या गावात दिली आहे. जावयांची तंबाखूची शेती. नात मराठी शाळेत शिकली, निपाणीत पीयूसी झाली. पीयूसी म्हणजे तिकडची बारावी. २०१६ साली बी.ए.साठी धारवाडला गेली. तिकडं बी.ए.ला तीन मुख्य विषय निवडावे लागायचे. तिनं घेतले इतिहास, समाजशास्त्र आणि क्रिमिनॉलॉजी. कानडीत त्याला अपराधशास्त्र म्हणतात. मला तोच शब्द आवडला, म्हणून मीही तोच वापरतो.

गावातल्या पारावर ही बातमी पोचली तेव्हा एकजण म्हणाला, "पोरीला चोऱ्यामाऱ्या शिकवाय पैसं घालवताय व्हय?" दुसरा म्हणाला, "पोलीसच करायची तर पहाटं उठवून पळायला लावा. भरतीला ह्या कागदाचा काय उपेग?" मलाही नीट माहिती नव्हती. म्हणून मी नातीलाच विचारलं. ती म्हणाली, "आबा, चोर कुणी हे पोलीस शोधतात. रक्त कुणाचं, ठसा कुणाचा, हे फॉरेन्सिकवाले प्रयोगशाळेत बघतात, त्यांना सायन्स लागतं. चोरी का झाली, इथंच का झाली, आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसाचं पुढं काय झालं, ते आम्ही शिकतो."

मी म्हटलं, "मग नोकरी?"

"नुसत्या बी.ए.वर न्हाई मिळायची आबा. पुढं शिकावं लागंल."

हे तिनं पहिल्याच वर्षी स्वच्छ सांगितलं, आणि मला ते बरं वाटलं. आमच्या भागात बोरीच्या बागा आहेत. रानबोरीचं खोड खालून कापून नवा फुटवा धरतात आणि त्या खुंटावर उमराणचा डोळा भरतात. खुंट चिवट पाहिजे, मुळी खोल पाहिजे. पण नुसता खुंट ठेवला तर बारकी आंबट बोरंच येणार. बाजारात जाणारं बोर येतं ते वर भरलेल्या डोळ्यावर. तिची बी.ए. म्हणजे खुंट, असं मी मनाशी धरलं.

संध्याकाळी लाईट आली की मी मोटर चालू करून विहिरीवर बसायचो आणि तिला फोन लावायचो. त्या दिवशी जे शिकवलं ते ती सांगायची. सगळं इंग्रजीत शिकलेलं, पण मला सांगताना तिला मराठीत आणावं लागायचं. ती म्हणायची, "तुम्हाला समजलं की मला परीक्षेत लिवता येतं."

एकदा तिनं इटलीतल्या लोम्ब्रोसो नावाच्या डॉक्टरची गोष्ट सांगितली. ह्यानं गुन्हेगारांच्या कवट्या मोजल्या आणि १८७६ साली पुस्तक लिहिलं, की गुन्हेगार जन्मतःच तसा असतो; जबडा, कान, कपाळ यांवरून तो ओळखू येतो. मला हसू आलं. मी खिलार बैलांच्या मुलखातला. शिंगं, वशिंड, खूर, शेपटीचा गोंडा बघून जनावर पारखतात ते मी लहानपणापासून बघतोय. तरी दात मोजून, औताला जुंपून बघितल्याशिवाय शहाणा माणूस पैसे देत नाही. जनावराची ही गत, मग माणसाचं कपाळ बघून काय कळणार? नात म्हणाली, "तेच झालं आबा. इंग्लंडात गोरिंग नावाच्या डॉक्टरनं तीनेक हजार कैदी मोजले आणि १९१३ साली सांगितलं, की कैद्यात आणि बाहेरच्या माणसात असला काही फरक सापडत नाही."

मग सदरलँड आला. हा अमेरिकेतला प्राध्यापक. त्याचं म्हणणं, गुन्हा हा शिकावा लागतो, आणि तो जवळच्या माणसांच्या संगतीत शिकला जातो. मी म्हटलं, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. ह्याला अमेरिका कशाला पाहिजे?" ती हसली. पण म्हणाली, "ह्याच सदरलँडनं १९३९ साली दुसरी गोष्ट सांगितली, ती ऐका. चांगल्या कपड्यातली, खुर्चीवर बसलेली माणसंही गुन्हे करतात, पण त्यांना कुणी गुन्हेगार म्हणत नाही. त्याला व्हाईट कॉलर क्राइम म्हणतात." मी गप्प झालो. आमच्याकडं एक पतसंस्था बुडाली होती. म्हाताऱ्या बायकांचे कांदे विकून ठेवलेले पैसे गेले. त्यात ज्यांचे हात होते त्यांना लग्नाच्या मांडवात अजून पुढच्या खुर्चीवर बसवतात. शेळी चोरणाऱ्याला मात्र गाव दोन पिढ्या विसरत नाही.

दिवाळी २०१८ ची. नात तिसऱ्या वर्षाला होती आणि सुट्टीला आमच्याकडं आली होती. त्या साली गावात विहिरींवरच्या केबलींची चोरी चालली होती. मोटारीपासून स्टार्टरपर्यंतची केबल रात्रीत कापून न्यायची, वरचं आवरण जाळायचं आणि आतलं तांबं भंगारात घालायचं. आठ विहिरींवरची केबल गेली होती, त्यातली एक माझी. केबल नाही म्हणजे पाणी नाही, आणि डाळिंबाचा बहर धरलेला. माणसं चिडली होती.

गावाबाहेर ओढ्याकाठी पारध्यांचं एक पाल पडलेलं होतं. नवरा, बायको, म्हातारी, तीन पोरं. दिवाळीच्या पाडव्याला रात्री आठ-दहा जण देवळापुढं जमले. पाल आजच्या आज उठवायचं, नाही उठलं तर पेटवायचं, इथवर बोलणं गेलं. मी म्हटलं, "आधी कुणी बघितलंय का चोरताना?" तर एकजण म्हणाला, "बघायला कशाला पाहिजे? त्यांचा धंदाच हाय त्यो."

नात ओसरीवरनं ऐकत होती. ती कालनिर्णय घेऊन देवळापुढं आली. पोरीच्या जातीनं असल्या बैठकीत यायचं म्हणजे काही जणांच्या भुवया चढल्या. तिनं एकेकाला विचारलं, "काका, तुमची केबल कुठल्या रात्री गेली?" आठही तारखांवर पेनानं गोल केले. आणि मग विचारलं, "ह्या आठवड्यांत लाईटची पाळी दिवसाची होती का रात्रीची?"

शेतीची लाईट आमच्याकडं पाळीनं येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. दोन-चार जणांनी बोटं मोजली. आठच्या आठ चोऱ्या दिवसपाळीच्या रात्री झाल्या होत्या. म्हणजे रात्री तारेत करंट नाही, कापायला धोका नाही. आणि दिवसा पाणी देऊन झालेलं, त्यामुळं रात्री रानात चिटपाखरू नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात सगळं गाव बॅटऱ्या घेऊन रानात असतं, तेव्हा एकही चोरी नाही.

ती म्हणाली, "करणारा पाहिजे, हाताला लागंल अशी वस्तू पाहिजे, आणि राखणदार नसला पाहिजे. ह्या तीन गोष्टी एका जागी आल्या की चोरी होते. हे ज्यानं केलंय त्याला आपल्या फीडरची पाळी तोंडपाठ हाय. आणि ह्या तीन चोऱ्या दसऱ्याच्या आधीच्या हायत. पाल दसऱ्यानंतर आलंय."

पुढं मला कळलं, तीन गोष्टींचा हा सिद्धांत कोहेन आणि फेल्सन नावाच्या दोघांनी १९७९ साली मांडला. त्या रात्री तिनं कुणाचंच नाव घेतलं नाही. नाव घेतलं असतं तर कुणी ऐकलंही नसतं.

बैठक मोडली. काहीजण पटल्यामुळं उठले, काहीजण पोरीपुढं बोलायला नको म्हणून उठले. सकाळी मी आणि नात ओढ्याकडं गेलो. पाल नव्हतं. चुलीचे तीन दगड आणि ओली राख होती. त्यांच्यापर्यंत रात्रीच कुणीतरी निरोप पोचवला असणार. किंवा निरोपाची गरजच पडली नसेल. देवळापुढचा आवाज ओढ्यापर्यंत जातो. नात तिथंच उभी राहिली. मग तिनं मला एक कायदा सांगितला. १८७१ साली इंग्रजांनी केलेला. त्यात जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. माणसांनी पोलिसांत नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही. पुढं तो कायदा आपल्या मुलखालाही लागू झाला. १९५२ साली तो उठला, म्हणून त्या लोकांना विमुक्त म्हणतात. "कायदा उठला आबा," ती म्हणाली. पुढचं बोलली नाही. राखेकडं बघत राहिली.

सहाएक महिन्यांनी पोलिसांनी भंगाराच्या टेम्पोसंगं तीन पोरं धरली. तिघंही जवळपासच्या गावांतलीच, खात्यापित्या घरची. त्यांतलं एक वायरमनच्या हाताखाली काम करायचं. बातमी आल्यावर पारावर दोन दिवस चर्चा झाली. पालाचं नाव त्या चर्चेत निघालं नाही.

२०१९ च्या मे महिन्यात नातीची बी.ए. झाली आणि घरात पेच पडला. कागलच्या एमआयडीसीत नोकरी असलेल्या मुलाचं स्थळ आलं होतं. जावयांचं म्हणणं, "डिग्री झाली, आता बास. शिकायचंच तर बी.एड. करू दे, शाळेत लागंल." लेक काही बोलत नव्हती, पण तिनं मला फोन करून बोलावून घेतलं, त्यातच मला समजलं.

मी निपाणीला गेलो. रात्री जेवणं झाल्यावर सगळे सोप्यात बसलो. नातीनं वहीचा एक कागद पुढं ठेवला. त्यावर तिनं वाटा काढल्या होत्या. एक, धारवाडच्याच कर्नाटक विद्यापीठात ह्या विषयाचा वेगळा विभाग आहे, तिथं दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण. दोन, मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. तिथं समाजकार्यातून हाच विषय शिकवतात, पण प्रवेश अवघड आणि मुंबईचा खर्च. तीन, मध्य प्रदेशातलं सागर विद्यापीठ किंवा मद्रास विद्यापीठ. जुने विभाग, पण लांब. चार, तीन वर्षांची वकिली, ती कुठल्याही पदवीवर करता येते. आणि पदव्युत्तरला ५५ टक्के पडले की नेट. नेटच्या परीक्षेत क्रिमिनॉलॉजी हा स्वतंत्र विषय आहे. त्यानंतर पीएच.डी. किंवा कॉलेजात शिकवणं. शिवाय प्रोबेशन अधिकारी, बालगृहं, तुरुंगातून सुटलेल्यांसाठी काम करणाऱ्या संस्था. प्रत्येकापुढं वर्षं आणि खर्च मांडला होता. शेवटी बेरीज.

जावई कागद बघून म्हणाले, "म्हणजे अजून पाच-सात वर्षं. तवर वय किती व्हईल?"

त्यावर माझे व्याही बोलले. ते फार बोलत नाहीत. १९८१ साली निपाणीला तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी हमरस्ता अडवला होता. शरद जोशींच्या नेतृत्वाखालचं ते आंदोलन. गोळीबार झाला, शेतकरी मेले, शेकड्यांनी माणसं पकडली. व्याही त्यांतलेच. ते म्हणाले, "माझ्यावर बी गुन्हा हुता. मी काय चोरलं हुतं? मी दर मागितला हुता. आमच्या बराकीत एकजण हुता, सायकलीच्या चोरीतला. जामिनाला माणूस न्हाई म्हणून वरीसभर पडून हुता. आम्ही सुटलो, तो तिथंच. जेल मी आतनं बघितलाय. ह्या पोरीला बाहेरनं बघू द्या."

कुणी काही बोललं नाही. मग खर्चाचा विषय निघाला. त्या वर्षी माझ्या डाळिंबाला तेल्यानं खाल्लं होतं, हात मोकळाच होता. कार्तिकी यात्रेसाठी दोन बकरे पोसले होते, ते मी मे महिन्यातच विकले. यात्रेत आणखी दोन पैसे आले असते. पण प्रवेशाची तारीख यात्रेसाठी थांबत नाही. स्थळाला नकार कळवायचं काम व्याह्यांनी स्वतःकडं घेतलं.

नातीनं धारवाडच निवडलं. पहिल्याच वर्षी, डिसेंबरात, परवानगीचं पत्र घेऊन ती स्वतंत्रपूर बघायला आली. पत्रात नाव तिचं, म्हणून मी बाहेर लिंबाखाली बसलो. दोन-अडीच तासांनी आली. म्हणाली, एका कैद्याला तिनं विचारलं, भिंत नाही तर पळून जावंसं वाटत नाही का? तो म्हणाला, "मी पळालो तर म्हशीची धार कोण काढणार? बायकोला लाथ मारती ती." नातीनं ते वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं होतं. माझ्या वडलांची मेथीची गोष्ट मी तिला तेव्हा, त्या लिंबाखाली सांगितली. तीही तिनं लिहून घेतली.

पुढं चारच महिन्यांत कोरोना आला. तुरुंगांचे दरवाजे बाहेरच्यांना बंद झाले आणि तिचा अभ्यास घराच्या माडीवर, मोबाईलला रेंज येईल त्या कोपऱ्यात झाला. आकडे वाचायला मात्र वेळ मिळाला. ती मला सांगायची, आपल्या देशात तुरुंगात असलेल्या शंभरातले सत्तर-पंचाहत्तर कच्चे कैदी आहेत. म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही. २०२२ च्या सरकारी आकड्यांत तर ते पंचाहत्तरच्याही वर गेले. मला व्याह्यांचा तो सायकलवाला आठवायचा.

पदव्युत्तर झालं. नेटला पहिल्यांदा थोडक्यात गेली, दुसऱ्यांदा पास झाली. पण दरमहा फेलोशिप मिळायला जेवढे गुण लागतात तेवढे पडले नाहीत. म्हणून एका कॉलेजात ती अतिथी प्राध्यापक झाली. नाव मोठं, पगार तुटपुंजा, सुट्टीत तोही नाही. त्यातच पीएच.डी.ची नोंदणी केली. हे मी लपवत नाही, कारण आजही कुणी बापये आपल्या पोरींना घेऊन माझ्याकडं विचारायला येतात. त्यांना मी हेच सांगतो. ह्या विषयाची बी.ए. करून कुणी लगेच साहेब होत नाही. पुढं शिकायची तयारी असली तरच ह्या वाटेला लागा. आणि पुढची वाट बी.ए.च्या पहिल्याच वर्षी कागदावर काढून ठेवा, कारण तिसऱ्या वर्षी स्थळं येतात.

२०२४ च्या १ जुलैला फौजदारी कायदेच बदलले. १८६० चा दंडविधान गेला आणि न्याय संहिता आली. नातीला शिकवलेलं पुन्हा शिकावं लागलं. मला तिनं फोनवर सांगितलं, "आबा, आता तीनशे दोन म्हणजे खून न्हाई. तो १०३ झाला. आणि चारसोबीस ३१८ मध्ये गेलं." मी पारावर ही बातमी दिली तर आमचा एकजण म्हणाला, "मग आता लबाडाला काय म्हणायचं? तीनशे अठरा म्हटल्यावर त्याला राग येणार न्हाई." पारावर आता असले प्रश्न विचारतात. कुणाच्या पोराला पोलिसांनी नेलं, कुणाच्या सुनेला नोटीस आली, की आधी मला विचारतात, "नातीचा फोन लागतो का?" ती वकील नाही, हे ती दरवेळी सांगते. पण कुठं जायचं, काय लिहून मागायचं, एवढं सांगते.

तिचा पीएच.डी.चा विषय आहे शेतातल्या चोऱ्या. तिच्या मार्गदर्शकांनी म्हणे आधी विचारलं होतं, शहरातला एखादा विषय का घेत नाहीस? सायबर गुन्ह्यांचं चाललंय, त्यावर नोकऱ्याही आहेत. ती म्हणाली, शहरातल्या चोऱ्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, विहिरीवरच्या केबलीवर कोण लिहिणार?

आता ती गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून प्रश्नावली भरून घेते, सीमेच्या अलीकडं मराठीत, पलीकडं कानडीत. गेल्या उन्हाळ्यात तिनं माझ्यापुढंही एक ठेवली. मी म्हटलं, "तू लिव, मी सांगतो." तर म्हणाली, "न्हाई आबा, तुम्ही तुमच्या हातानं लिवा. दहावीला मराठीत पहिलं आला हुता म्हणता न्हवं?"

मी चष्मा लावून बसलो. गेल्या दहा वर्षांत काय काय चोरीला गेलं? केबल, दोन वेळा. स्टार्टर, एक. ठिबकच्या नळ्या, अर्ध्या एकराच्या. शेळी, एक, गाभण. डाळिंबाची सहा कॅरेट, तोडून ठेवलेली. लिहिता लिहिता मलाच नवल वाटलं, एवढं गेलं? पुढचा रकाना, पोलिसांत तक्रार दिली का? केबलीचा एकदा अर्ज दिला होता, त्याचं पुढं काही झालं नाही. बाकीच्यांपुढं नाही, नाही, नाही. नात म्हणाली, जवळपास सगळ्यांचा हा रकाना असाच येतो. सरकारी पुस्तकात ज्या चोऱ्या दिसतात त्या फक्त तक्रार झालेल्या. बाकीच्या अंधारात राहतात, आणि तेवढ्यापुरतं आपलं गाव कागदावर सुखी असतं.

शेवटचा प्रश्न होता, चोरीचा संशय कुणावर घेतला गेला, आणि कोणत्या कारणानं?

तिथं मी थांबलो. ती चहा ठेवायला आत गेली होती. अंगणात ऊन उतरलं होतं. मी पेन पुसला आणि केबलीपुढच्या ओळीत लिहिलं: दिवाळी २०१८. गावाचा संशय ओढ्याकाठच्या पालावर. कारण, पाल रस्त्यावरून दिसत होतं.